घोड्यांसोबत मुक्कामी सहल : सामानाची तयारी, घोड्याच्या वजनापासून शेवटच्या सुरगाठीपर्यंत

घोड्यावरून दोन-तीन मुक्कामांची सहल ठरली की बहुतेकांची यादी तंबू, स्लीपिंग बॅग आणि बूट यांनी सुरू होते. माझा आग्रह आहे की ती घोड्याच्या वजनाने सुरू व्हावी. घोडा किती ओझं पेलतो, रोज किती खातो, किती पाणी पितो हे आकडे कागदावर आले की निम्मी यादी आपसूक ठरते आणि उरलेल्या निम्म्यातलं बरंच काही गळून पडतं. दख्खनच्या पठारावर तर हे फारच खरं. आपली भीमथडी तट्टं काटक असतात, दिवसभर न कुरकुरता चालतात, पण अंगाने लहान असतात. थोराड विदेशी घोड्यांसाठी केलेल्या याद्या त्यांच्यावर लादल्या तर दुसऱ्याच दिवशी पाठ सोलवटते.

आकडे हवेत राहू नयेत म्हणून एक ठरावीक सहल डोळ्यांसमोर धरू. कऱ्हेच्या खोऱ्यातून जायचं. सासवडजवळून निघून पहिला मुक्काम जेजुरीच्या आसपास एखाद्या शेतात, दुसरा मोरगावजवळ, आणि तिसऱ्या दिवशी छोटा टप्पा करून सुप्याच्या बाजूला थांबायचं. तिथून घोडे टेम्पोने परत. दिवसाला साधारण १५ ते २० किलोमीटर. तीन स्वार, त्यांचे तीन घोडे आणि सामानाला एक तट्टू. महिना डिसेंबर किंवा जानेवारी.

तारीख ठरवताना पंचांग जरूर बघा. जेजुरीत रविवार, चंपाषष्ठी आणि सोमवती अमावास्या, मोरगावात चतुर्थी या दिवशी गर्दी, ढोल आणि गाड्या इतक्या असतात की शांत घोडाही बुजतो. खंडोबाच्या दर्शनाला घोडा घेऊन जाण्याची हौस असेल तर आठवड्याचा मधला वार निवडा.

पहिलं काम : टेप आणि वजनकाटा

घोड्याला काट्यावर उभं करायची सोय बहुतेकांकडे नसते. शिंप्याच्या टेपने वजनाचा बऱ्यापैकी अंदाज येतो. पुढच्या पायांच्या लगेच मागे, तंग, म्हणजे खोगीर बांधायचा पोटाखालचा पट्टा, बसतो तिथून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्या. मग खांद्याच्या पुढच्या टोकापासून ढुंगणाच्या हाडाच्या टोकापर्यंत लांबी घ्या. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८७७. उत्तर किलोत येतं.

समजा तट्टाचा घेर १५८ आणि लांबी १४५. वजन झालं सुमारे ३०५ किलो. एखाद्या मारवाडी किंवा काठेवाडी घोड्याचा घेर १७० आणि लांबी १५५ असेल तर सुमारे ३७७ किलो. आता सर्वसाधारण नियम असा की स्वार, खोगीर आणि सगळं सामान मिळून घोड्याच्या वजनाच्या एक-पंचमांशाहून जास्त भार पाठीवर नको. म्हणजे तट्टाला ६१ किलो, मोठ्या घोड्याला ७५. घोडा म्हातारा, नुकताच आजारातून उठलेला किंवा सराव तुटलेला असेल तर यातूनही दहा किलो कमी धरा.

या हिशोबाने काय होतं बघा. मोठ्या घोड्यावर ९ किलोचं खोगीर घातलं की ६६ किलो उरतात. स्वार कपडे-बुटांसह ६० किलोचा असेल तर त्याच्या सामानाला फक्त ६ किलो. त्यात एक घोंगडी अडीच किलो, दोन लिटर पाणी, दीड किलोत कपडे आणि किरकोळ वस्तू. संपलं. सत्तर-पंचाहत्तर किलोच्या माणसाने यापेक्षा मोठा घोडा बघावा किंवा निम्मी वाट घोड्याचा लगाम धरून पायी चालण्याची तयारी ठेवावी. भीमथडी तट्टावर प्रौढ माणूस आणि त्याचं सामान हे गणित जवळपास कधीच बसत नाही, म्हणून तट्टू ओझ्याला आणि मोठे घोडे स्वारीला, ही वाटणी मला योग्य वाटते.

ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ चे केंद्र सरकारचे नियमही आहेत. त्यांत तट्टाच्या पाठीवर ७० किलोची कमाल मर्यादा आहे, दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम आणि विश्रांतीशिवाय सलग पाच तासांपेक्षा जास्त काम करून घेण्यास मनाई आहे. पण ७० ही कायद्याची शेवटची रेषा झाली. तीनशे किलोच्या तट्टाला मी साठाच्या वर जाऊ देणार नाही.

वाट आधी पाहून या, कारण वैरण सोबत नेता येत नाही

घोड्याला रोज त्याच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के कोरडी वैरण लागते. मोठ्या घोड्याला सुमारे ७ किलो, तट्टाला ६. चार जनावरांची दिवसाची वैरण झाली २७ किलो आणि तीन दिवसांची ८१. ही वाहून न्यायची तर आणखी दोन तट्टं लागतील आणि त्यांनाही वैरण लागेल. म्हणून वैरण मुक्कामाच्या गावी आधी पोचलेली पाहिजे. सहलीच्या दोन-तीन आठवडे आधी मोटारसायकलवरून सगळी वाट फिरून या. प्रत्येक मुक्कामाला जागेच्या मालकाला भेटा, परवानगी घ्या, वैरणीचे पैसे तिथेच ठरवा आणि वैरण पाहून घ्या.

पाहून घ्या म्हणतोय त्याला कारण आहे. डिसेंबर-जानेवारीत रब्बीची ज्वारी अजून शेतात उभी असते. विकायला असलेला कडबा गेल्या हंगामातला, म्हणजे एक पावसाळा काढलेला असतो. वरची पेंढी छान दिसते आणि आतली काळी पडलेली असते. पेंढी सोडून मधली ताटं मोडून बघा, नाकाशी धरा. कुबट वास, पांढरी भुकटी किंवा काळे डाग दिसले तर ती वैरण घोड्याला नाही. गाय पचवते म्हणून घोडा पचवेल असं नसतं. घोड्याला उलटी करता येत नाही, एकदा पोटात गेलं की ते पुढेच जायला हवं. बुरशीचा कडबा हे पोटशुळाला आमंत्रण आहे. स्वच्छ वाळलेलं माळगवत मिळालं तर ते जुन्या कडब्यापेक्षा केव्हाही बरं.

शेतकरी मनापासून आणखी दोन गोष्टी देऊ करतील. एक, उसाचं हिरवं वाढं, म्हणजे शेंड्याचा पाला. घोड्याला सवय नसेल तर नको. एकाएकी पोटभर हिरवं खाल्लं तर पोट बिघडतं. दुसरी, दुभत्या जनावरांची गोळी पेंड. ही मात्र कधीच नको. गुरांच्या काही तयार खाद्यांत मोनेन्सिनसारखी द्रव्यं मिसळलेली असतात. ती गुरांना चालतात, पण घोड्याच्या हृदयाला विषासारखी बाधतात. यजमानाचं मन न दुखावता, पण स्पष्ट सांगा.

चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, मात्र सोबत न्यायची. मोठ्या घोड्याला दिवसाला दीड किलो आणि तट्टाला एक किलो, म्हणजे चौघांची साडेपाच किलो. पहिल्या दिवशी सकाळची घरीच होते, शेवटची घरी परतल्यावर. मधल्या दोन संध्याकाळी आणि दोन सकाळी धरल्या तर ११ किलो पुरते. भिजवलेला हरभरा, सातू, गव्हाचा कोंडा, जे घरी चालू आहे तेच. सहलीसाठी म्हणून काही नवं द्यायचं असेल तर निदान आठ-दहा दिवस आधीपासून थोडं थोडं वाढवत न्या. प्रत्येक वेळची चंदी वेगळ्या कापडी पिशवीत भरून त्यावर घोड्याचं नाव लिहा. अंधारात मापं शोधावी लागत नाहीत आणि कुणाला दोनदा दिली जात नाही. सोबत मीठ हवंच. घाम गाळणाऱ्या घोड्याला दिवसाला ५० ते ६० ग्रॅम मीठ लागतं, ते चंदीत दोन वेळा वाटून द्या.

पाण्याचा आकडा आणखी मोठा आहे. थंडीतसुद्धा काम करणारा घोडा दिवसाला ३० लिटरच्या आसपास पितो, ऊन वाढलं की ४० च्या पुढे जातो. चौघांचे मिळून रोजचे १२० लिटर. कऱ्हेच्या पात्रावर भरवसा ठेवू नका, कित्येक ठिकाणी ते कोरडं असतं. वाट पाहताना प्रत्येक मुक्कामाची विहीर, बोअर किंवा हौद नक्की करा. मोटर कधी चालते तेही विचारा, कारण शेतीची वीज रात्रीची असेल तर संध्याकाळी हौद रिकामा सापडतो. घोडे कालव्यात उतरवू नका. अस्तरीकरण केलेला उतार गुळगुळीत असतो, पाय घसरला तर घोडा बाहेर काढणं कठीण. बादलीने काढून पाजा. १५ लिटरच्या घडी होणाऱ्या ताडपत्रीच्या दोन बादल्या आणि प्रत्येक घोड्याला एक तोबरा, म्हणजे तोंडाला अडकवायची चंदीची पिशवी, एवढं मिळून ३ किलोत बसतं.

काही घोडे परक्या पाण्याला तोंड लावत नाहीत. घरी आठवडाभर पाण्यात गुळाचा छोटा खडा विरघळवून पाजा आणि तोच गूळ सोबत घ्या. ओळखीची चव आली की ते पितात. हा उपाय घरापासूनच सुरू करावा लागतो. मुक्कामावर पहिल्यांदा गूळ घातला तर त्याला पाणी आणखीच परकं वाटेल.

मुक्कामाच्या जागेभोवती फेरी मारून झाडं बघा. कण्हेर बांधावर किंवा घराजवळ असेल तर घोडे तिथून लांब. तिची थोडी पानंही जीव घेतात, वाळलेलीसुद्धा. घाणेरी आणि एरंडही नको. कोवळ्या ज्वारीच्या फुटव्यांपासूनही दूर ठेवा.

सहा आठवडे आधी : डॉक्टर, नाल, सराव

पशुवैद्याकडून घोड्याची तपासणी, धनुर्वाताची लस झाली आहे का ते, जंताचं औषध आणि दात. दातांकडे दुर्लक्ष होतं. टोकदार झालेल्या दाढा लगाम घातल्यावर गालाला कापतात आणि वैरण नीट चावू देत नाहीत. घोडे दुसऱ्या तालुक्यात किंवा जिल्ह्यात न्यायचे तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन आरोग्य दाखल्याची चौकशी करा. ग्लँडर्स हा रोग घोड्यांतून माणसांतही येतो आणि २००९ च्या जनावरांच्या संसर्गजन्य रोगांविषयीच्या कायद्याखाली तो कळवावा लागणारा रोग आहे, त्यामुळे त्याच्या रक्तचाचणीचा कागद मागितला जाऊ शकतो. सगळ्या कागदांच्या प्रती प्लास्टिकच्या पाकिटात, फोटो मोबाइलमध्ये.

नाल सहलीच्या आठ-दहा दिवस आधी ठोकून घ्या. आदल्या दिवशी ठोकलेल्या नालेचा एखादा खिळा नाजूक भागाजवळ गेला असेल तर ते वाटेत दुसऱ्या दिवशी कळतं. मधले आठ दिवस मिळाले तर घरीच कळतं. नालबंदाकडून पुढच्या आणि मागच्या पायाची एकेक जादा नाल आणि डझनभर खिळे घ्या, आणि वाटेवरच्या नालबंदाचा फोन नंबर. खूर साफ करायचा हुक प्रत्येक स्वाराच्या खिशात असावा, सामानात खोल पुरलेला नको. या माळावर बाभळीचे काटे सगळीकडे आहेत. दर विसाव्याला चारी खूर उचलून बघायचे.

सराव सावकाश वाढवा. पहिल्या आठवड्यात रोज पाच-सहा किलोमीटर चाल, शेवटच्या दोन आठवड्यांत एकदोनदा पूर्ण १८ किलोमीटर, प्रवासाचं सगळं सामान लादून. तट्टाचासुद्धा सराव हवा. पाठीवर हलणारं, दोन्ही बाजूंना फुगलेलं ओझं घेऊन झाडांमधून जाणं त्याला शिकावं लागतं. हंगाम उसाचा असल्यामुळे रस्त्यावर दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर असतील, त्यांची आणि त्यांच्या गाण्यांची ओळख घोड्यांना आधी करून द्या.

खोगीर आणि त्याखालचं

इथे घाई नको. सहल मोडते ती बहुतेक वेळा पाठीवरच्या जखमेमुळे, आणि ती जखम घरीच ओळखता आली असती.

खोगीर नुसतं, खाली काही न घालता पाठीवर ठेवून बघा. मानेच्या मुळाशी खांद्यांवर जो उंचवटा असतो, त्याच्या आणि खोगिराच्या मध्ये दोन-तीन बोटं सहज गेली पाहिजेत, स्वार बसल्यावरसुद्धा. कण्यावर पोकळी सलग असली पाहिजे, मागून डोकावलं तर उजेड दिसायला हवा. दोन्ही बाजूंच्या गाद्यांखाली तळहात सरकवत न्या. हात कुठे अडकला किंवा कुठे मोकळा पडला तर तिथे दाब सारखा नाही. मग तासभर चालवून खोगीर काढा आणि घामाचा नकाशा वाचा. सगळी पाठ सारखी ओली असेल तर ठीक. मधेच कोरडा ठिपका दिसला तर तिथे इतका दाब होता की घामही आला नाही. खोगीर काढल्यावर काही मिनिटांत तिथे टणक सूज दिसली तर ते खोगीर या घोड्याला नाही. गादी वाढवून असलं दुखणं झाकता येत नाही, घट्ट बुटात जाड मोजे घालण्यासारखं ते होतं.

खोगिराखाली लोकरीचा नमदा, म्हणजे जाड गादी, घ्या. सिंथेटिक कापड घाम शोषत नाही. आपली धनगरी घोंगडी यासाठी फार गुणाची आहे. चौघडी करून नमद्याखाली घालता येते, रात्री अंगावर घेता येते, ओली झाली तरी ऊब देते. फक्त घोड्याची घोंगडी आणि आपली घोंगडी वेगळी ठेवा, कारण घामाने कडक झालेली घडी पाठ कापते. रोज संध्याकाळी ती झटकून, उन्हात किंवा वाऱ्यावर वाळवून, कुसळं वेचून मगच दुसऱ्या दिवशी घालायची. या मोसमात कुसळांचा त्रास खरंच फार असतो.

तंग कापडी किंवा लोकरी असावा, आणि एक जादा. घालण्याआधी घोड्याचे पुढचे पाय एकेक करून पुढे ओढा, म्हणजे तंगाखाली कातड्याची घडी राहत नाही. चढ-उताराची वाट असेल तर दुमची, म्हणजे खोगिरापासून शेपटीखालून जाणारी वादी, लावा. रिकिबीच्या वाद्या, लगामाची शिवण, बकल या सगळ्यांना हाताने जोर देऊन ओढून बघा. भेगा पडलेली वादी घरीच बदला. दुरुस्तीच्या पिशवीत आरी, जाड सुई, मेण लावलेला दोरा, दोन जादा वाद्या, पक्कड आणि सुतळीचा गुंडा. नालेचं सामान याच पिशवीत. औषधांसह हे सगळं ४ किलोत बसवा.

तट्टाच्या पालाणासाठी, म्हणजे ओझं लादायच्या खोगिरासाठी, मेंढपाळ धनगरांना भेटा. त्यांचे वाडे, म्हणजे मेंढ्यांसह मुक्काम, शेताशेतांत बसलेले असतात आणि त्यांचं सगळं बिऱ्हाड घोड्यांवरून फिरतं. पालाण कुठे बसतं, गादीत काय भरतात, दोर कुठून कुठे नेतात हे तासभर नीट पाहिलं आणि विचारलं तर चित्रं पाहून न कळणाऱ्या गोष्टी कळतात. जाताना मोकळ्या हाताने जाऊ नका, आणि त्यांच्या निघण्याच्या घाईत जाऊ नका.

रात्री बांधायचं सामान

रात्री सुटलेला घोडा रस्त्यावर जातो, विहिरीत पडतो, कुणाचं उभं पीक तुडवतो. म्हणून या भागात काटकसर करायची नाही. सात किलो मी यालाच देतो.

मोरखी, म्हणजे घोडा बांधायची तोंडावरची दावण, रुंद पट्ट्याची, सुती किंवा नायलॉनची, पण तिच्यात आणि दोरात सुतळीचा एक फास ठेवा. घोडा घाबरून जीव खाऊन ओढू लागला तर सुतळी तुटावी, मान मोडू नये. जुनी पद्धत अगाडी-पिछाडीची : पुढून मोरखीला दोन दोर, मागच्या पायाला एक, आणि तीन मेखा. सवयीच्या घोड्याला ती उत्तम. सवय नसलेल्या घोड्याला पिछाडी घालण्याचा पहिला प्रयोग माळावर नको, घरी दहा-बारा रात्री करून बघा. मेखा लोखंडी, दीड-दोन फुटी. काळ्या मातीत त्या लोण्यासारख्या जातात आणि तशाच निघतात, तिथे लांब मेख तिरकी ठोकावी. मुरमात छोटी मेखही पुरते, पण हातोडा दणकट लागतो.

झाडं असतील तर दोन झाडांमध्ये डोक्याच्या वर, सात फुटांवर आडवा दोर ताणून त्याला घोडे बांधणं मला जास्त सुरक्षित वाटतं. पायात दोर अडकत नाही. १२ मिलिमीटरचा २० मीटर दोर घ्या, झाडाच्या सालीला पोत्याची घडी लावा. दोन घोड्यांत एवढं अंतर ठेवा की एकमेकांना लाथ पोचणार नाही. घोड्याचं तोंड जमिनीवरच्या वैरणीपर्यंत पोचावं, पण दोर गुडघ्याखाली लोंबू नये. आणि गाठ कायम सुरगाठ. घोड्याला निरगाठ मारणाऱ्या माणसाकडून दोर काढून घ्यावा, मग तो कितीही वडीलधारा असो.

घोडे माणसांच्या झोपायच्या जागेजवळच बांधा. या माळांवर लांडगे आहेत, उसाच्या पट्ट्यात बिबट्या असू शकतो, आणि गावच्या कुत्र्यांचा तर नक्की त्रास. दोन कंदील किंवा सौर दिवे रात्रभर घोड्यांपाशी जळू द्या. सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य आहे, तिथे चिंकारा राहतात. घोडे घेऊन त्याच्या हद्दीत शिरू नका आणि मुक्काम गावच्या खासगी शेतातच करा.

घोड्याची औषधपेटी

थर्मामीटर आणि सेकंदकाटा असलेलं घड्याळ, ही दोन सगळ्यात महत्त्वाची. निरोगी घोड्याचं तापमान ३७.५ ते ३८.५ सेल्सिअस, विश्रांतीतली नाडी मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६. नाडी खालच्या जबड्याच्या आतल्या कडेला बोटाने लागते. निघण्याआधी आठवडाभर प्रत्येक घोड्याचे स्वतःचे आकडे वहीत लिहून ठेवा. वाटेत थांबल्यावर पंधरा-वीस मिनिटांत नाडी साठाच्या खाली आली नाही तर पुढे जायचं नाही, सामान उतरवायचं.

बाकी पेटीत सलाइनची बाटली, पोव्हिडोन आयोडीन, जखमेचं मलम, कापसाचा मोठा रोल, गॉज, तीन-चार क्रेप बँडेज, कात्री, चिमटा, माशा-गोचीड दूर ठेवणारा फवारा. वेदनाशामक फक्त तुमच्या पशुवैद्याने लिहून दिलं असेल, तेही त्याला फोन करून विचारल्यावर. पोटशुळात घोडा पायाने जमीन उकरतो, वळून कुशीकडे बघतो, सारखा लोळतो, लीद टाकत नाही. अशा वेळी वेदनाशामकाने लक्षणं झाकली जातात आणि आत आतडं पिळलेलं असेल तर वेळ हातातून जातो. चारा बंद करा, जवळचा डॉक्टर किंवा जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ क्रमांक. माणसासाठी १०८. वाटेवरच्या पशुवैद्यकीय दवाखान्यांचे नंबर कागदावर लिहून प्रत्येकाकडे ठेवा, मोबाइलची बॅटरी माळावर लवकर संपते.

माणसांचं सामान

आता उरलेल्या किलोंत आपण. हेल्मेट, टाच असलेला बूट म्हणजे पाय रिकिबीत अडकणार नाही, शिवणी मांडीला न घासणारी पँट, टोपडं किंवा माकडटोपी. पुणे जिल्ह्यात या दिवसांत पहाटे पारा दहाच्या आसपास किंवा खाली जातो, पण दुपारी ऊन चटके देतं. पाठीवर सॅक घेऊन घोड्यावर बसायचं नाही. ती प्रत्येक पावलाला आपटते आणि तो धक्का घोड्याच्या पाठीला बसतो. मोबाइल, औषधं, काडेपेटी आणि चाकू अंगावरच्या खिशात ठेवा. घोडा सुटून पळाला तर खुरजीतलं, म्हणजे त्याच्या पाठीवरच्या थैलीतलं, सगळं त्याच्याबरोबर जातं.

जेवणात पाणी वाहायचं नाही, पीठ आणि डाळ वाहायची. ज्वारीचं पीठ, बेसन, शेंगदाण्याची चटणी, ठेचा, भाजलेले पोहे, गूळ, कांदे, लसूण. पिठलं-भाकरी दोन्ही रात्री. तीन माणसांना ६ किलोत सगळं बसतं. गॅसची छोटी शेगडी आणि भांडी ४ किलोत. डिसेंबरात माळावरचं गवत वाळून कोळ झालेलं असतं, त्यामुळे चूल नको. शेकोटी हवीच असेल तर नांगरलेल्या मोकळ्या रानात, वैरणीपासून लांब, बादली भरून बाजूला ठेवून.

ओझं भरणं

आदल्या दिवशी सगळं सामान अंगणात मांडा आणि एकेक वस्तू ताणकाट्यावर लटकवून लिहा. तट्टाची बेरीज अशी यावी : चंदी ११, दोर-मेखा ७, बादल्या-तोबरे ३, दोन हलके तंबू ६, शेगडी-भांडी ४, शिधा ६, औषधं आणि दुरुस्ती ४. एकूण ४१ किलो. पालाण १२ किलोचं धरलं तर ५३. मर्यादा ६१ ची आहे. हे आठ किलो मोकळेच ठेवा. वाटेत एखाद्या स्वाराच्या घोड्याची पाठ दुखली तर त्याच्या ६ किलोंना जागा लागते.

दोन्ही बाजूंच्या खुरज्यांचं वजन सारखं हवं. अर्ध्या किलोचाही फरक दिवसभरात पालाण एका बाजूला ओढतो. जड वस्तू खाली आणि पुढच्या पायांच्या बाजूला, मऊ वस्तू बरगड्यांकडे, टोकदार काहीही आत वळलेलं नको. मेखा पोत्यात गुंडाळा. भांडी एकमेकांत घालून मध्ये फडकं ठेवा. खुरजी हलवून कान लावा. जे वाजतं ते तासाभरात घोड्याला बुजवणार. वरून ताडपत्री आणि जाळीचा दोर.

दिवसभरात चंदी कमी होत जाईल, ती दोन्ही बाजूंनी सारखी काढा. निघाल्यावर पहिल्या वीस मिनिटांनी सगळ्यांनी उतरून तंग आणि दोर पुन्हा आवळायचे, कारण चालू लागल्यावर घोड्याचं पोट आत जातं. त्यानंतर दर तासाला दहा मिनिटं पायी.

मुक्कामावर पोचल्यावर

आधी बादल्या, मग बांधायचे दोर, मग घोंगड्या, सगळ्यात शेवटी तंबू. म्हणून भरताना तंबू खाली आणि बादल्या वर. तंग एकदम सोडू नका, दोन भोकं सैल करून दहा मिनिटं फिरवा. पाणी थोडं थोडं पाजत राहा. पाठ हाताने चोळून घ्या, कोरड्या गवताच्या बोळ्याने खरारा करा, सूज किंवा गरम लागणारी जागा तळहाताने शोधा. वैरण लगेच, चंदी तासाभराने. निजण्याआधी कंदील घेऊन एक फेरी : पाणी पितोय का, लीद टाकली का, चारी पायांवर सारखा उभा आहे का.

सकाळी मेखा उपटून खड्डे बुजवा, लीद शेतात पसरून द्या, सुतळीचा तुकडाही मागे ठेवू नका. गाय ती गिळते. यजमानाच्या वैरणीचे पैसे निघताना नाही, आदल्या संध्याकाळीच द्या. सकाळच्या गडबडीत तो संकोचाने नको म्हणतो आणि तुम्ही घाईत असता.

घरी पोचल्यावर घोड्यांना दोन पूर्ण दिवस विश्रांती, वैरण नेहमीची, चंदी अर्धी. तिसऱ्या दिवशी उजेडात पाठ, तंगाची जागा आणि चारी खूर पुन्हा तपासा, कारण दाबाच्या काही सुजा दोन दिवसांनी वर येतात.